अण्णांना फ्लूची लस द्यायची आहे, ते ऐकत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७२, सांगलीला असतात, पंधरा वर्षांपासून शुगर. गेल्या श्रावणात ताप-खोकला झाला तो त्यांनी अंगावर काढला. पाचव्या दिवशी धाप लागली तेव्हा आईचा फोन आला. रिपोर्ट एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू. टॅमीफ्लू हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, हे मला हॉस्पिटलमध्ये कळलं. आठ दिवस ऑक्सिजनवर होते.

आता म्हणतात, "एकदा होऊन गेलाय, अंगात ताकद आलीय. लस कशाला?"

पंचाईत अशी की औषधांना नाक मुरडायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा होत्या आणि मी खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी घेऊन हिंडत होतो. मला काही झालं नाही, याचं श्रेय मी बरीच वर्षं त्या पुरचुंडीला देत आलो!

पण गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा अण्णांच्या बिस्किटाच्या डब्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या चार पट्ट्या सापडल्या. प्रत्येकीत एकेक गोळी उरलेली. सर्दी झाली की चौकातल्या मेडिकलमधून आणायची, दोन खायच्या, तिसरी जपून ठेवायची. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही म्हटलं तर, "मला लागू पडते." म्हणजे तीन गोळ्यांची पट्टी चालते, वर्षातून एक सुई नको.

फ्लू होऊन गेल्यावर प्रतिकारशक्ती येते, हे मलाही मान्य आहे. पण हा विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून तर लस दर वर्षी नव्याने ठरवतात. आणि ती ताकद कमवायला आठ दिवस ऑक्सिजन लागला, ते ते हिशोबात धरतच नाहीत. त्यात शेजारच्या काकांना लशीनंतर दोन दिवस कणकण होती. झालं, 'लशीनेच फ्लू होतो' हे पक्कं. मेलेल्या विषाणूची लस फ्लू देऊ शकत नाही, हे सांगून मी थकलो.

मे संपत आलाय. लशीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पावसाआधी उरकायचं आहे. लस पृथ्वीच्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी ठरवतात; खोक्यावर यातली कुठली, कुठल्या मोसमाची, हे नेमकं कुठे बघायचं? न्यूमोनियाची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात कोणी घेतली आहे का?

आणि मुख्य म्हणजे, शुगरवाल्या हट्टी वडिलांना तुम्ही काय बोलून तयार केलंत? आमचे डॉक्टर 'द्याच' म्हणतात, पण ते अण्णांचे शाळेतले विद्यार्थी. अण्णा त्यांना अजून 'पोऱ्या' म्हणतात. आई तयार आहे, पण तिचं एकच: "आधी ह्यांना द्या, मग मी घेते."