फ्लॉवरवर बिव्हेरिया मारून तीन दिवस झाले, अळी जिवंतच

शिवार_परतूर
अर्धा एकर फ्लॉवर, लागवडीला ३५ दिवस. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आहे, मधूनमधून तंबाखूवरची पानं खाणारी अळीही. सोमवारी सकाळी नऊला बिव्हेरिया (अळी मारणाऱ्या बुरशीची पावडर) मारलं, १५ लिटरच्या पंपाला ४० ग्रॅम. शनिवारी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक झालेलं होतं. आज गुरुवार, अळ्या खातच आहेत. पावडर बोगस निघाली का?

कोबीवाला_जालना
पावडरीला नावं ठेवायच्या आधी मॅन्कोझेब बघा. बिव्हेरिया म्हणजे बुरशीच, बुरशीनाशकानं तीच मरते. आधी-नंतर आठवडाभराचं अंतर ठेवा. कॉपरचं बुरशीनाशक मारलेला पंपही नीट धुऊन घ्या.
दुसरं, सकाळी नऊची वेळ. उन्हानं बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, मरतात. ते अळीच्या कातडीवर रुजून आत शिरायला रात्रभराची ओल लागते, म्हणून फवारा दिवस मावळताना.
१० लिटरला ५० ग्रॅम धरा, म्हणजे तुमच्या पंपाला ७५. आधी तांब्याभर पाण्यात कालवून फडक्यानं गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. फ्लॉवरचं पान मेणचट, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) नसेल तर थेंब घरंगळून जातो. नोझल पानाखालून फिरवा, अळी तिथंच असते.

बांधावरून
तीन दिवसांत निकाल मागू नका. रासायनिक औषधासारखं हे लगेच पाडत नाही, चार ते सात दिवस घेतं. अळी बारीक असतानाच मारा. मोठी झालेली दाद देत नाही, शिवाय कात टाकली की बीजाणूही कातीबरोबर गळतात.
मेलेली अळी ओल्या कागदावर डबीत ठेवा. कडक होऊन अंगावर पांढरी बुरशी आली तर बिव्हेरियाचं काम. काळी, लिबलिबीत, पानाला उलटी लटकलेली दिसली तर तो विषाणू.
तंबाखूवरच्या अळीला नोमुरिया ही दुसरी बुरशी जास्त चालते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत सोयाबीनवर पांढऱ्या, मग हिरवट पडलेल्या अळ्या दिसतात, ती हीच बुरशी.

शिवार_परतूर
उत्तरेच्या बांधाला शेजाऱ्याची रेशीम अळ्यांसाठीची तुती आहे, तिथं हे फवारलं तर चालेल का?

कोबीवाला_जालना
मग तिकडं अजिबात नको! रेशीम अळीला पांढरा मस्कार्डिन रोग होतो तो बिव्हेरियानंच, नोमुरियानंही तिला रोग होतो. बीटी (अळी मारणारे जिवाणू) तेही नको. त्या बाजूला तंबाखूवरच्या अळीचे अंडीपुंज पानासकट तोडा, त्या अळीपुरतं एसएलएनपीव्ही (फक्त तिलाच मारणारा विषाणू) चालेल. पुढच्या लागवडीत २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घाला, चौकोनी ठिपक्याचा पतंग तिकडं वळतो.