यहुदी कीर्तनाच्या वहीतल्या चाली कशा ओळखायच्या?

कोपरीचा पेटीवाला
ठाण्यात पेटी शिकतोय. गुरुजी गेल्यावर त्यांच्या सामानात एक हस्तलिखित वही मिळाली. आख्यान योसेफाचं, भाषा आपली मराठी. स्वरलिपी कुठेच नाही, पदांच्या डोक्यावर नुसती 'साकी', 'दिंडी', 'कटाव' अशी पदप्रकारांची नावं. टेंभी नाक्याकडच्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या यहुदी) मंडळींना ते साथ करायचे, एवढंच ठाऊक आहे. ही कीर्तनं कुणी ऐकली आहेत का?

टेंभी नाक्याची लेक
ऐकतच मोठी झाले. पप्पा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, उरलेला सगळा वेळ पेटी. गुरुवारी शेजारच्या दत्ताच्या भजनाला साथ, शनिवारी चांदण्या दिसून शब्बाथ (आमचा विश्रांतीचा दिवस) सुटला की आमच्या लोकांत कीर्तन. शुक्रवारी दिवस मावळला की पेटीवर कापड पडायचं. भजनी मंडळानं त्या दिवशी या म्हणून कधी गळ घातली नाही.

कीर्तन नारदीय थाटाचंच. आधी पूर्वरंग, मग आख्यान. नमन मात्र एकाच देवाला, समोर मूर्ती नाही. अब्राहाम, मोशे, एस्तेर, योना सगळे मराठीत बोलायचे. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात तिथे पप्पा दिंडी घेत आणि आमच्या बायका डोळ्यांना पदर लावत. प्रार्थनेच्या हिब्रू चाली निराळ्या. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी त्या आमच्या लोकांना शिकवल्या. पप्पांच्या गळ्यात दोन्ही होतं. सकाळी सिनेगॉगमध्ये (१८७९ सालचं आमचं शाआर हाशामाईम) हिब्रू म्हणणारा माणूस रात्री झांज घेऊन उभा राहायचा, तोच खडा आवाज.

उभं राहिल्यावर पेटीला दुसरा माणूस लागे. कीर्तनकार कुठल्या ओळीवर थांबून निरूपणाला वळणार हे त्याला आधी कळायला हवं, म्हणून वही साथीदाराकडेही असायची. तुमच्या गुरुजींकडची तशीच असणार.

साठच्या दशकात काका-आत्या इस्राएलला गेले. पप्पांनाही बोलावणं होतं. "तिथे तबल्याला कोण बसेल?" म्हणून ते ठाण्यातच राहिले. पुढे त्यांनी कॅसेट भरून इस्राएलमधल्या लोदला पाठवल्या. आत्याकडे त्या अजून आहेत.

वाशीचा तबलजी
ताईंनी सांगितलंच आहे, मी फक्त हिशोबाचं बोलतो. ओळीच्या मात्रा मोजा. साकीत १६ आणि १२, दिंडीत ९ आणि १०. मोजणी बसली की निम्मं काम झालं. किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'मध्ये साक्या-दिंड्या आहेत, त्या कीर्तनातूनच रंगभूमीवर आल्या. त्या ऐकून बोट बसवा. कटाव मात्र वाचून येणार नाही, तो श्वासावर चालतो. कुणाच्या तरी तोंडून ऐकायलाच हवा.

कोपरीचा पेटीवाला
आत्ताच एक दिंडी मोजली, बरोबर १९ भरल्या! ताई, पट्टी कोणती असायची? मलिद्याच्या (तुमच्या ताट मांडायच्या विधीच्या) वेळीही हेच गात का?

टेंभी नाक्याची लेक
पप्पांची काळी दोन. मलिद्याला आख्यान नाही. पोहे, खोबरं, खजूर, फळं असं ताट मांडून एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) हिब्रू गाणं, तेही सगळ्यांनी मिळून. तुम्ही नमनाच्या पानाचा फोटो इथे टाका. ओळी जुळल्या तर आत्याच्या नातवाकडून त्याच कीर्तनाची कॅसेट फोनवर भरून मागवते. कटावही त्यात असेल.