शाळा बंद होत्या तेव्हा काय राहून गेलं? खान्देशातले अनुभव लिहा

माझी भाची पहिलीचा वर्ग न बघताच दुसरीत गेली. मार्च २०२० ला बंद झालेली गावची शाळा लहान वर्गांसाठी थेट १ डिसेंबर २०२१ ला उघडली. आता ती मोठी झाली, पण जोडाक्षर आलं की अजून थबकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायची सोय आहे. आमच्या पोरांची नावं मात्र पटावर होती, म्हणून ती त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्यात काय हवं? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्यांनी आपापलं लिहा.

शिक्षिका, यावल तालुका
जुलै २०२१ मध्ये मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, तोही मोबाइलवर. मोबाइल बापाच्या खिशात आणि बाप केळीच्या बागेत. मी निंबाखाली पाच-पाच पोरं बसवून शिकवायचे. तिसरीतला एक जण धडा घडाघडा म्हणायचा. एकदा मी बोट खालच्या ओळीवर ठेवलं, तरी तो वरचीच ओळ म्हणत राहिला. सगळं पाठ होतं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, माले वाचता येत नही." मला रडूच आलं. कलम २४ सांगतं की प्रत्येक मुलाची पातळी बघून लागेल ते जादा शिकवा. शिकवते ना! पण त्यासाठी वेळापत्रकात तास कुठे आहे? रोजचा एक तास कायद्यानेच राखून ठेवा.

पालक, धडगाव
आमच्याकडे शाळा तुटायला कोरोना लागत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत. पोराला शिक्षण हमी कार्ड मिळालं, म्हणजे जाऊ तिथल्या शाळेत बसायचं कार्ड, पण तिकडची शाळा गुजराती आणि घरी आम्ही पावरी बोलतो. परत आल्यावर तो मागच्या बाकावर.

आई, धुळे
मार्च २०२० ला माझा मुलगा पहिलीत होता. पाचवीत पोचला, तर त्याच वर्षी, २०२३-२४ ला, राज्यात पाचवी-आठवीला नापास करणारी वार्षिक परीक्षा आली. २०१९ च्या दुरुस्तीत लिहिलंय की नापास मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी. म्हणजे जादा शिकवणी कायद्यात आहे, पण नापास झाल्यावर. माझ्या मुलाला ती दुसरीतच हवी होती. त्या वर्षी तो वजाबाकीत दशक उसना घ्यायला शिकला असता.