टीव्ही पत्रकार रवीश कुमार खरंच पत्रं निवडायच्या कामापासून वर आले का?

नवी_बातमीदार:
महिन्यापूर्वी एका मराठी वृत्तवाहिनीत लागले. काम काय, तर प्रेक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचायचे आणि विषयवार लावायचे. रस्ते, पाणी, पीकविमा, इतर. परवा रडू आलं, तेव्हा डेस्कवरचे एक सर म्हणाले, "रवीश कुमारनीही हेच केलंय." हे खरं आहे की मला धीर द्यायला म्हणाले?

सोलापूरचा_दादा:
खरं आहे, ताई. त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. जन्म १९७४ चा, गाव बिहारच्या पूर्व चंपारणमधलं जितवारपूर. शाळा पाटण्याला, मग दिल्लीचं देशबंधू कॉलेज, पुढे आयआयएमसी ही पत्रकारितेची संस्था. १९९६ मध्ये एनडीटीव्हीत आले ते प्रेक्षकांची पत्रं वाचून निवडायला. तिथून वार्ताहर, मग 'रवीश की रिपोर्ट' हा कार्यक्रम, मग रात्री नऊचा 'प्राइम टाइम'. २०१९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

'रवीश की रिपोर्ट' लागायचा तेव्हा मी यूपीएससीसाठी दिल्लीत मुखर्जीनगरला होतो. आमच्या मेसचा महाराज बिहारमधल्या सिवानचा. दिल्लीच्या सीमेवरच्या कापसहेड्यातल्या मजुरांच्या खोल्यांवरचा भाग लागला, तेव्हा तो कणकेचे हात तसेच धरून टीव्हीपुढे उभा राहिला. पोळ्या थांबल्या, पण कुणी हाक मारली नाही. त्याचा भाऊ तशाच खोलीत राहायचा. स्टुडिओत चार पाहुणे बसवून हे साधत नाही. माझ्या मते रवीश घडले ते या गल्ल्यांमध्ये. प्राइम टाइमची खुर्ची नंतर आली.

वेटिंग_लिस्ट:
दादांच्या बोलण्यात एक भर घालते. पत्रं वाचायची ती सवय रवीश यांची सुटलीच नाही. २०१८ मध्ये त्यांनी सरकारी भरतीवर ओळीने कार्यक्रम केले. परीक्षा झाली पण निकाल नाही, निकाल लागला पण नेमणूक नाही, अशा मुलामुलींच्या मेसेजवर ती मालिका उभी होती. मीही त्यातलीच. निवड यादीत नाव होतं आणि घरी बसून होते. रात्री दीड वाजता त्यांना मेसेज टाकला होता. माझं नाव कधी आलं नाही, पण आमच्या परीक्षेचं नाव टीव्हीवर ऐकलं, तेव्हा वडिलांनी आवाज वाढवला. तोवर त्यांना वाटायचं, मीच काहीतरी लपवतेय.

म्हणून 'इतर'मध्ये टाकण्याआधी मेसेज शेवटपर्यंत वाचत जा, एवढीच विनंती.

नवी_बातमीदार:
ताई, तुमचं वाचून आज 'इतर' पुन्हा उघडलं. एकाच तालुक्यातले ४१ मेसेज निघाले. सगळ्यांचं म्हणणं एकच: पाऊस झाल्यावर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवलं, तरी पाहणीला कुणी आलं नाही. बऱ्याच जणांनी तक्रार क्रमांकाचा फोटोही जोडलाय. गावं आणि तारखा वहीत उतरवून घेतल्यात. सकाळी दहाच्या बैठकीत सरांपुढे ठेवते.