मदत हवी आहे: जीर्ण रेशमी कापड मिक्स्ड मीडिया कामात कसं बसवावं?

घरातल्या बायकांच्या हातांवर एक मिक्स्ड मीडिया काम करते आहे. लाकडी पॅनलवर अ‍ॅक्रिलिक, त्यावर आई-आजीच्या हातांच्या फोटोंचं ट्रान्सफर (लेझर प्रिंटवरून, ते छान उतरलंय) आणि मध्यभागी आजीने भरतकाम केलेलं रेशमी कापड. हे कापडच कामाचा जीव आहे. उलट्या बाजूच्या तिच्या गाठीही मला दिसायला हव्यात, म्हणून एक कोपरा दुमडलेला ठेवायचाय.

अडचण कापड बसवण्याची. तशाच दुसऱ्या जुन्या तुकड्यावर अ‍ॅक्रिलिक जेल मीडियम लावून पाहिलं. रेशीम काळपट, कडक झालं, चमक गेली. शिवाय ते पुन्हा सुटत नाही. थेट टाके घातले तर सुईच्या भोकापाशी चिरतं. गव्हाच्या स्टार्चची खळ सुटते, पण तिला कीड लागण्याची भीती वाटते.

कापड कापायचं नाही, धुवायचं नाही, आणि पुढे कधीही सुखरूप काढता आलं पाहिजे. काचेची फ्रेम चालेल.

आधी सुती अस्तरावर ठेवून वरून बारीक जाळी लावली, टाके फक्त जाळी-अस्तरातून कापडाच्या कडेबाहेर घातले आणि मग अस्तर पॅनलवर ताणलं, तर दुमडलेल्या कोपऱ्याला आधार कसा द्यायचा? आणि काच कापडाला टेकू नये म्हणून मध्ये किती अंतर ठेवता?