मदत हवी आहे: वाड्याच्या मॉडेलवर छज्जाखालची नक्षीची पट्टी कशी करू?

भाऊ, गावातल्या जुन्या वाड्याचं १:५० चं मॉडेल करून राहिलो. भिंती सनबोर्डच्या (हलक्या फोम शीटच्या), खांब बांबूच्या काड्यांचे, ते सगळं जमलं. अडलं ते छज्जाखालच्या लाकडी पट्टीवर. खऱ्या वाड्यावर ती साधारण २० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे मॉडेलवर फक्त ४ मिलिमीटर, आणि तिच्यावर ओळीनं कमळाच्या पाकळ्या, एक पाकळी ३ मिलिमीटरची! तीन बाजूंनी मिळून जवळपास एक मीटर पट्टी लागते.

शिंप्याकडची लेस फेविकॉलनं चिकटवून रंगवली, पण दोरे दिसतात अन् ते वाड्यापेक्षा ब्लाउजचंच काम वाटते. कार्डशीटचे थर देऊन सरळ रेघा मस्त येतात, पाकळ्या नाही येत. साबणावर कोरून त्यात पीओपी ओतलं तर एवढी बारीक पट्टी काढतानाच तुटते. इपॉक्सी पुट्टी (दोन भाग मळले की कडक होते ती) टाल्कम लावून साच्यात दाबली, ती तुटत नाही पण कडा बोथट होतात.

थ्रीडी प्रिंटर जवळपास कोणाकडं नाही, लेझर कटिंगसाठी नागपूरला जावं लागते आणि तिथं सपाट कापून देतात, मला तर उठाव पाहिजे. साच्यासाठी सिलिकॉन रबर ऑनलाइन मागवू शकतो, पण थोडंच, महाग पडते.

म्हणून विचार आहे की ५ सेंटीमीटरचा एकच तुकडा नीट कोरायचा, त्याचा साचा करायचा अन् तुकडे जोडत जायचे. तर मूळ तुकडा कशात कोरू म्हणजे पाकळीची कड धारदार राहील, साच्यात रेझिन (ओतल्यावर कडक होणारं प्लास्टिकसारखं द्रव) ओतू का पुट्टीच दाबू, आणि कोपऱ्यावर ४५ अंशात कापताना पाकळी अर्धी तुटू नये म्हणून काय करता तुम्ही?