मदत हवी आहे : डॅलसहून हॉट स्प्रिंग्ज (आर्कान्सा), आईबाबांना घेऊन

वसईवाली :

नमस्कार मंडळी. आईबाबा सध्या आमच्याकडे डॅलसला आहेत. मार्चच्या शेवटी गाडीने आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, आई (वय ६८, गुडघे दुखतात, जिना नको असतो) आणि बाबा (वय ७३, बीपी आणि मधुमेह, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात).

जायचं खरं कारण आई. तिचं माहेर वसईचं. चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यासाठी नवस बोलून बांधवलेलं वज्रेश्वरीचं देऊळ, मग अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायचं आणि पुढे गणेशपुरी, अशी त्यांची दरवर्षीची वारी असायची. अजूनही गुडघे कुरकुरले की ती म्हणते, "अकलोलीला दोन बुचकळ्या मारल्या की मोकळे होतील." इथल्या थंडीत ती पार आखडून गेली आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव गाडीच्या अंतरावर आहे म्हटल्यावर तिचा चेहरा असा काही खुलला की आता तिची निराशा झालेली मला चालणार नाही.

तर विचारायचं हे, की तिथे आपल्यासारखी उघडी कुंडं आहेत का? आईने आयुष्यात पोहण्याचा पोशाख घातलेला नाही, तिचं कसं जमेल? पाच तास सलग बसणं दोघांनाही झेपणार नाही, तर वाटेत कुठे थांबावं? बाबा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना इतिहास लागतो. मुलाला शेतात हिरे शोधायला जायचं आहे, ते वाटेवर आहे का? आणि आम्ही सगळे शाकाहारी आहोत.

---

ओझार्कवाट :

आधी महत्त्वाचं सांगते, म्हणजे आईंना तशी कल्पना देऊन ठेवाल. तिथे उतरून बसता येईल असं एकही उघडं कुंड नाही. डोंगराच्या उतारावर ४७ झरे आहेत, पण पाणी दूषित होऊ नये म्हणून बहुतेकांवर झाकणं बसवली आहेत. हिरव्या रंगाच्या कुलूपबंद पेट्या दिसतात आणि खालून पाणी नळांनी गोळा होतं. अंघोळ करायची ती स्नानगृहात, पैसे भरून.

पाण्याला हात मात्र नक्की लावता येतो. आर्लिंग्टन हॉटेलशेजारच्या हिरवळीवर डोंगरातून गरम पाण्याचा ओहोळ उतरतो, त्याच्या तळाशी छोटं डबकं आहे. झऱ्याचं पाणी सरासरी १४३ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६२ सेल्सिअस असतं, तेव्हा मुलाला आधी बजावून ठेवा. गार सकाळी गेलात तर खडकावरून वाफा निघताना दिसतात आणि कडेला हिरवंगार शेवाळ असतं. मॉरिस स्नानगृहाच्या मागेही एक झरा बघण्यासाठी उघडा ठेवलाय.

वज्रेश्वरीशी तुलना होणारच, म्हणून सांगते, या पाण्याला गंधकाचा वास अजिबात नाही. हे पाणी ज्वालामुखीने तापलेलंही नाही. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून हजारो फूट खाली झिरपतं, खोलीवरच्या उष्णतेने तापतं आणि प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकल्याने पडलेल्या मोठ्या भेगेच्या वाटेने झपाट्याने वर येतं. कार्बन तपासणीत त्याचं वय सुमारे ४४०० वर्षं निघालं आहे. म्हणजे सिंधूच्या खोऱ्यात हडप्पा-मोहेंजोदडो नांदत होती तेव्हा पडलेला पाऊस आज नळाला येतो! बाबांना हे नक्की आवडेल.

पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत, फुकट. गावकरी मोठाले कॅन घेऊन रांगेत उभे असतात. पातळ प्लास्टिकच्या बाटल्या गरम पाण्याने आकसतात, जाड कॅन किंवा घरातली स्टीलची कळशी न्या.

---

माळरान :

अंघोळीचं मी सांगतो, माझ्या सासूबाईंना नेलं होतं. सेंट्रल अव्हेन्यूवर ओळीने आठ जुन्या स्नानगृहांच्या इमारती आहेत. स्नानासाठी त्यांतली दोनच चालू आहेत, बकस्टाफ आणि क्वापॉ. दोन्हींची तऱ्हा अगदी वेगळी आहे आणि तुमचा सगळा निर्णय त्यावर आहे.

बकस्टाफ १९१२ पासून चालू आहे आणि जुनी पद्धत टिकवून आहे. बायका आणि पुरुषांचे मजले वेगळे. प्रत्येकाला स्वतंत्र टब, सोबत मदतनीस. टबानंतर दुखऱ्या भागावर गरम ओले टॉवेल, कंबरेपुरतं स्नान, वाफेची पेटी, शेवटी चहूबाजूंनी बारीक धारांचा शॉवर. सगळं मदतनीस बाई हाताला धरून करवते, त्यामुळे गुडघ्यांसाठी उत्तम. पण मूळ पद्धत कपड्यांविना, अंगाला चादर गुंडाळून. आपल्या पिढीच्याही कित्येक जणींना ते अवघड जातं. पोशाख घालून चालेल का, हे आधी फोन करून विचारा आणि आईंना नीट समजावून मगच न्या. आयत्या वेळी दारात कळलं की बाई बिथरते.

क्वापॉमध्ये वेगवेगळ्या तापमानाचे सार्वजनिक हौद आहेत, वर रंगीत काचांचं छत. स्त्री-पुरुष एकत्र, पोहण्याचा पोशाख घालून. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख मिळतो, तो डॅलसमधूनच घेऊन जा. सासूबाईंनी तोच घातला. पहिली पाच मिनिटं भिंतीला धरून उभ्या होत्या, मग पायरीवर बसल्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन डोळे मिटून घेतले. तुमच्या आईंना अकलोलीची सवय आहे, म्हणजे चार माणसांत पाण्यात बसायची सवय आहे. मी तरी क्वापॉच सुचवेन, तुम्ही शेजारी बसू शकता. मुलांसाठी वयाची अट दोन्हीकडे असते, नऊ वर्षांच्या मुलाला घेतील असं धरून चालू नका. एकाने मुलासोबत बाहेर थांबायची तयारी ठेवा.

---

टेक्सासवासी :

रस्ता सरळ आहे, आय-३०. साधारण २९० मैल. न थांबता साडेचार-पाच तास, ज्येष्ठांबरोबर सात धरा.

पहिला थांबा रॉइस सिटीचं बकीज (मोठा पेट्रोल पंप आणि दुकान), स्वच्छतागृहासाठी. मग सल्फर स्प्रिंग्ज. त्या गावच्या चौकात आरशाच्या काचेचं सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, आतून सगळा चौक दिसतो, बाहेरून आपण दिसत नाही. मुलगा खूश होईल. तिथेच डबा उघडा. पुढे टेक्सारकाना, तिथलं पोस्ट आणि न्यायालयाची इमारत बरोबर दोन राज्यांच्या सीमेवर उभी आहे. एक पाय टेक्सासात, एक आर्कान्सात ठेवून फोटो काढायचा आणि निघायचं. होपला बिल क्लिंटन १९४६ साली जन्मले, तिथलं त्यांचं लहानपणीचं पहिलं घर राष्ट्रीय स्मारक आहे. पुढचं बालपण हॉट स्प्रिंग्जमध्येच गेलं.

हिऱ्यांचं शेत मर्फ्रीजबरोजवळ, होपपासून उत्तरेला आत जावं लागतं. जाताना ते घालू नका, सगळे दमतील. परत येताना त्या वाटेने या. ३७ एकरांचं नांगरलेलं रान आहे, तिकीट काढून आत जायचं आणि सापडेल ते आपलं! १९२४ साली इथे ४०.२३ कॅरटचा हिरा मिळाला, अमेरिकेत सापडलेला सर्वांत मोठा. मिळालेला खडा तिथले कर्मचारी फुकट तपासून देतात. पाऊस पडून गेल्यावर चिखल धुऊन निघतो आणि खडे चमकतात, तेव्हा शक्यता जास्त. जुने बूट आणि कपड्यांचा जादा जोड घ्या. आईबाबांसाठी घडीच्या खुर्च्या न्या, सावली कमी आहे.

---

निवांत_वाचक :

इतिहास लागणाऱ्या बाबांना फोर्डाइस स्नानगृह अजिबात चुकवू देऊ नका. १९१५ साली उघडलं, आता माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. पुरुषांच्या स्नानदालनात मत्स्यकन्या आणि मासे असलेलं रंगीत काचांचं छत आहे, मधोमध कारंजं आहे. वरच्या मजल्यावर शंभर वर्षांपूर्वीची व्यायामशाळा जशीच्या तशी आहे. तेव्हा डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे, किती मिनिटं आणि कोणत्या तापमानाला. एकवीस स्नानांचा कोर्स असे. लिफ्ट आहे का ते दारातच विचारा, म्हणजे आईंनाही वर नेता येईल.

ही जागा १८३२ साली केंद्र सरकारने राखीव केली, यलोस्टोन या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्याही चाळीस वर्षं आधी. राष्ट्रीय उद्यान झालं १९२१ साली. सेंट्रल अव्हेन्यूवर चालताना तुमच्या पायाखाली ओढा वाहत असतो, १८८४ साली त्यावर कमान बांधून तो झाकला आणि वर रस्ता केला.

अजून एक गोष्ट बाबांना आवर्जून सांगा. या देखण्या स्नानगृहांत अंग चोळणारे, टब भरणारे मदतनीस बहुतांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांना स्वतःला तिथे स्नान करायला मनाई होती. त्यांची वेगळी स्नानगृहं मॅल्व्हर्न अव्हेन्यूवर होती. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, चवदार तळं ज्याने वर्गात शिकवलं आहे, त्याला ते छत बघताना हे माहीत असायला हवं. जमलं तर तासाभरावरच्या लिटल रॉकला सेंट्रल हायस्कूल बघून या. १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलं लष्कराच्या बंदोबस्तात त्या शाळेत गेली. शिक्षक माणूस तिथून सहजी निघत नाही.

---

स्टेथोस्कोप :

मी डॉक्टर आहे, तरी तुमच्या बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. मधुमेहात तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही. हाताने किंवा तुम्ही स्वतः आधी बघा. बीपीच्या गोळीवर असताना गरम पाण्यातून झटकन उठलं तर चक्कर येते. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, उपाशीपोटी नाही, आधी आणि नंतर पाणी प्यायचं. वाफेची खोली त्यांनी टाळावी. आईंच्या गुडघ्यांना शेकाने आराम पडेल, पण पायऱ्या ओल्या असतात, त्यामुळे हात धरूनच उतरवा.

---

वसईवाली :

सगळ्यांचे मनापासून आभार. माळरान, तुमच्या सासूबाईंचं वाचून आईलाच मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या उतरल्या तर मीही उतरेन." क्वापॉ नक्की. पोशाख काल मागवला, तिने घरात घालून बघितला आणि वर ओढणी घेता येईल का विचारलं. निवांत_वाचक, चवदार तळ्याचं वाचून बाबा कितीतरी वेळ बोलत होते, लिटल रॉक आता त्यांनीच यादीत घातलंय.

आता दोनच शंका राहिल्यात. शनिवार-रविवार बरा की मधला वार? आणि जेवणाचं काय?

---

ओझार्कवाट :

मधला वारच. मार्चमध्ये ओकलॉनला घोड्यांच्या शर्यती जोरात असतात, शनिवारी गावात गाडी हलत नाही आणि हॉटेलं महागतात. फक्त क्वापॉ आठवड्यात कोणत्या दिवशी बंद असतं ते बघून तारीख ठरवा. मार्चअखेर गार्व्हन वुडलँड गार्डन्समध्ये ट्यूलिप असतात, आईंना तिथे न्या. आत झाडांच्या उंचीचं काचेचं प्रार्थनामंदिर आहे, तिथे नुसतं बसायलाही छान वाटतं. फार चालवत नसेल तर दारातच गाडीची सोय विचारा.

खाण्याचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेली केबिनच घ्या. सकाळी पॅनकेक शॉप आहे, १९४० पासूनचं, लवकर जा. पिझ्झा मिळतो. बाकी गाव बार्बेक्यूचं. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, रात्रीला खिचडी. अंघोळीनंतर सडकून भूक लागते आणि झोपही येते, तेव्हा त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

---

माळरान :

ओढणीचं आईंना सांगा, पाण्यात नाही चालणार, पण हौदाच्या कडेपर्यंत मोठा टॉवेल किंवा झगा अंगावर ठेवता येतो. पायरीवर टेकल्या की तुम्ही काढून घ्यायचा आणि बाहेर येताना तिथेच हातात द्यायचा. आम्ही तसंच केलं. आणि गाडी सेंट्रल अव्हेन्यूवर लावायला जागा शोधत फिरू नका, मागच्या एक्सचेंज स्ट्रीटवर मजल्यांचं पार्किंग आहे. आईंना आधी क्वापॉच्या दारात उतरवा.